वास गेला तेव्हा

“झाकण उघडंच राहू दे. च्या पिऊन येऊ, तवर वास निवंल,” गौसमामा म्हणाले.

हौदाचं लोखंडी झाकण बाजूला सारून धोंडीराम आणि भैरू तोंड फिरवून उभे होते. नाकावर हात कुणाचाच नव्हता. हॉटेलांचं आणि मंगल कार्यालयांचं खरकटं गोळा करणाऱ्या गाडीवरचा माणूस नाक धरायला लागला, तर काम करायला त्याला हात उरायचा नाही. तरी त्या दिवशीचा वास नेहमीचा नव्हता. नासक्या अंड्यांसारखा, आणि घशात जाऊन बसणारा. भैरूला उमासा आला, तो त्यानं खोकल्यात लपवला.

धोंडीराम माझा नवरा. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे, आता वय झालंय, घेते. भैरू माझा धाकटा दीर. सासरे लवकर गेले, तेव्हापासून धोंडीरामांनीच त्याला बापासारखा वाढवला. शाळेत नेऊन बसवला, शाळेतून पळाला तेव्हा बदडला, आणि शेवटी स्वतःबरोबर गाडीवर घेतला. गौसमामा टेम्पोचे ड्रायव्हर, आम्हा सगळ्यांत वडीलधारे. आणि मी मालन, सगळ्यांत भित्री. हे मी म्हणत नाही, ते तिघं म्हणायचे. टेम्पो मागं यायला लागला की मी भिंतीला कशी चिकटते, फुटक्या काचा दिसल्या की हातमोज्यावर हातमोजा कसा चढवते, कार्यालयामागच्या कुत्र्यांशी किती अदबीनं बोलते, याची भैरू टपरीवर नक्कल करून दाखवायचा. मी चिडायचे. चिडले की त्याच्या डब्यात कालवण कमी घालायचे. तेवढंच माझ्या हातात होतं.

कोल्हापूरच्या बाहेर, एका ओढ्याच्या काठावर ठेकेदाराची शेड होती. सकाळभर फिरून गोळा केलेला ओला माल तिथं आणायचा, त्यातल्या पत्रावळ्या, चमचे, द्रोण वेगळे करायचे, आणि गळणारं पाणी शेडशेजारच्या हौदात सोडायचं. हौद दोन पुरुष खोल. तळाला पंप बसवलेला, तो ते पाणी टँकरमध्ये चढवायचा. दिवाळीत शेड बंद होती. पुढं तुळशीचं लग्न झालं आणि माणसांच्या लग्नांची झुंबड उडाली. हौदात आधीचं तसंच कुजत पडलेलं, त्यावर नवं पडत गेलं. वर सायीसारखा जाड थर धरला होता. आणि त्या दिवशी सकाळी पंप घरघर करून गप झाला.

ठेकेदाराचा फोन गौसमामांच्या कानाला लागलेला असला तरी त्याचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. आज मोठा मुहूर्त आहे, दुपारी कार्यालयांतून माल उचलला नाही तर ठेका जाईल, कुणीतरी खाली उतरा आणि पंपाच्या तोंडातला कचरा काढा, त्यात काय एवढं.

“शेठ, ते तोंडाला लावायचं यंत्र कपाटात हाय न्हवं? किल्ली पाठवा की,” मामा म्हणाले.

“ते साहेब लोक तपासायला आल्यावर लागतं. किल्ली माझ्यापाशी आहे, मी सांगलीत आहे,” ठेकेदार म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. हौदात उतरायची आमची रीत ठरलेली होती. झाकण उघडायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि वास निवला की उतरायचं. वास आहे म्हणजे गॅस आहे, वास गेला म्हणजे गॅस गेला. गौसमामांना हे त्यांच्या आधीच्या ड्रायव्हरनं सांगितलेलं, त्याला आणखी कुणी. आमचं सगळं शास्त्र नाकात होतं, आणि नाकाचा आम्हाला भारी अभिमान होता. बंद पिशवी नुसती हुंगून धोंडीराम सांगायचे, ही अमक्या हॉटेलची, काल त्यांच्याकडं मासळी होती.

टपरीवर मामांनी चहा बशीत ओतला. शुक्रवार होता. दुपारच्या नमाजासाठी मामा सकाळीच कानामागं मोगऱ्याचं अत्तर लावून यायचे, आणि दर शुक्रवारी त्यांची चेष्टा व्हायची.

“मामा, आज हौदाची हळद हाय काय? एवढं अत्तर लावलंय ते,” भैरू म्हणाला.

“तुझ्या हळदीला लावायचं म्हणून बाटली राखून ठेवलीया. पर पोरगी देतंय कोण तुला?”

“खाली मी उतरतो,” भैरू म्हणाला. “दादाचा गुडघा दुखतोय.”

“तू गप बस,” धोंडीराम म्हणाले. “तुझं लगीन व्हायचंय अजून. माझं झालंय, तेबी हिच्यासंगं. आता ह्याच्यापरास वंगाळ काय व्हनार?”

सगळे हसले. मीही हसले. ती हसण्याची शेवटची वेळ होती असं काही नाही, पुढंही पुष्कळदा हसलो. पण तसं मोकळं हसायला मला नंतर फार वर्षं लागली.

परत आलो तेव्हा हौदावर वास होताच. पण आम्ही काठावर उभे राहून शिडी सोडली, दोरी उलगडली, आकडी जवळ आणून ठेवली, तेवढ्यात तो बराच उतरला. मामांनी मान हलवली.

“निवला. उतर आता.”

“अहो, दोरी बांधून घ्या,” मी म्हणाले.

“बैल हाय व्हय मी?”

“बैल असता तर एवढी काळजी केली नसती. बांधा.”

त्यांनी कमरेला दोरी बांधली, वरून रबरी एप्रन चढवला, पाठीवर त्याचे पट्टे फुलीसारखे आवळून घेतले आणि कळकाच्या शिडीवरून खाली उतरले. खाली मांडीपर्यंत पाणी होतं. वरचा थर फुटला तसे मोठे मोठे बुडबुडे वर आले. मी दोरीचं दुसरं टोक हाताला गुंडाळून वाकून बघत होते. भैरू पंपाच्या बटणापाशी जाऊन उभा राहिला. मामा माझ्या शेजारी उकिडवे बसले.

“केळीची पानं हायती,” खालून आवाज आला. “आन चमचं. लगीन करत्यात आन चमचं आमच्या उरावर.”

एकेक वस्तू ते वर भिरकावत होते. मग म्हणाले, “ही दोरी पंपात गुततीया. सोडतो हिला.”

“सोडू नका,” मी म्हणाले. पण माझ्या हातातली दोरी तोवर सैल पडली होती. त्यांनी सोडलीच होती.

“आटप बिगीनं,” मामा म्हणाले.

थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मग खालून धोंडीराम म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात आनंद होता, “मालन, वास पार गेला बघ. कायबी येत न्हाई.”

“बेस झालं,” मामा म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. का ते तेव्हा कळेना. मी त्या गाडीवर चढले त्या दिवसापासून वास कधी गेला नव्हता. अंघोळ करून, केसांना शिकेकाई लावून, धुतलेलं लुगडं नेसून देवळात गेले तरी शेजारच्या बाया हळूच सरकून बसायच्या. वास कमी होतो. मागं पडतो, दबतो. जात नाही. मग आज, या हौदावर, तो गेला कुठं?

मामा पुढं झुकले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. एवढ्या जवळ मामा, शुक्रवारी, आणि मोगऱ्याचा मागमूस नाही.

“मामा, तुमचं अत्तर?”

“काय झालं अत्तराला?”

“येत न्हाई.”

मी माझा हात नाकाशी नेला. सकाळपासून खरकट्यात घातलेला हात. काही नाही. पदर नाकाशी धरला. काही नाही. वास गेला नव्हता. आमची नाकं गेली होती. वास तिथंच होता, वाढत होता, आणि तो आता आम्हाला सांगायचा बंद झाला होता.

“अहो, वर या,” मी म्हणाले.

“थांब की. झालंच.”

“वर या म्हणते न्हवं.”

“ह्यो एक चमचा,” ते म्हणाले. मग जरा थांबून पुन्हा म्हणाले, “चमचा.” मग आणखी एकदा, पण शब्द तोंडात विरघळल्यासारखा. दारू प्यायलेल्या माणसासारखी त्यांची जीभ जड झाली होती, आणि धोंडीरामांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग ते दमून बसावं तसे खाली गेले. पंपाच्या पाइपाला पाठ टेकली, मान मागं कलली, तोंड वर झालं. पाणी छातीपर्यंत आलं होतं. डोळे उघडे होते की मिटलेले, त्या अंधारात मला दिसलं नाही.

“दादा,” भैरू ओरडला आणि पळत आला.

मी शिडीच्या डोक्याशी होते. तो आला आणि त्याचा एक पाय शिडीवर पडला. दुसरा पडायच्या आत मी दोन्ही हातांनी त्याला छातीवर ढकललं. तो मागं उताणा पडला. मग मी शिडी वर ओढली.

ती शिडी रोज दोन माणसं उचलायची. मी एकटीनं कशी ओढली ते मला आजही सांगता येणार नाही. पायऱ्या हनुवटीला लागत होत्या, कळकाची कुसळं तळहातात घुसत होती. शिडी वर येत होती आणि खाली माझा नवरा होता. पूर्ण वर आली तशी मी ती ओढ्याकडच्या उतारावर ढकलून दिली. घसरत घसरत गेली आणि पाण्यात पडली.

भैरू उठला. त्यानं माझे केस धरले.

“काय केलंस हे वैनी? दादा आत हाय. माझा दादा आत हाय.”

त्यानं मला मारलं. तोंडावर मारलं, पाठीत मारलं. मला लागत नव्हतं. मामांची बोबडी वळली होती. मग भैरूनं मला सोडलं आणि शिडीशिवायच उडी टाकायला निघाला. मी त्याच्या पायाला मिठी घातली आणि आडवी झाले.

नंतर खूप जणांनी विचारलं, त्या वेळी तुमच्या मनात काय आलं बाई? एका सरकारी बाईंनी तर भाषणात सांगितलं, हिला म्हणतात प्रसंगावधान. कसलं प्रसंगावधान? मी भ्याले होते. आयुष्यभर भीत आले, पण त्या दिवशी जेवढी भ्याले तेवढी कधी नाही. हौदात एक माणूस बसला आहे, आता दुसरा जाऊन त्याच्या शेजारी बसेल, मग त्याच्यासाठी मामा उतरतील, मग मी. एवढंच मला दिसत होतं. ते चौघं ओळीनं पाइपाला टेकून बसलेले मला खरोखर दिसले, आणि त्यातली एक मी होते.

“मामा, आकडी,” मी ओरडले. “दोरी बांधा आकडीला.”

आकडी म्हणजे लांब कळकाच्या टोकाला बसवलेला लोखंडी हूक. कार्यालयांच्या मागच्या कोपऱ्यांतून जड पिशव्या ओढायला ती लागते. मामा भानावर आले. हौदातली दोरी वर ओढून त्यांनी ती आकडीच्या मानेशी आवळली आणि दुसरं टोक टेम्पोच्या मागच्या कडीला बांधायला धावले.

“भावजी, तोंड बाजूला घेऊन दम भरा, मग वाका. पट्ट्यात घाला. पाठीवरच्या पट्ट्यात.”

भैरू रडत होता, पण त्यानं ऐकलं. काठावर पालथा पडून त्यानं आकडी खाली सोडली. मी त्याच्या पायांवर बसले. पहिल्यांदा हूक नुसता एप्रनवरून घसरला. भैरू मागं सरकला, दम भरला, पुन्हा वाकला. पुन्हा घसरला. तिसऱ्या खेपेला तो वर आला तेव्हा त्याचे डोळे फिरल्यासारखे झाले होते.

“वैनी, डोकं गरगरतंय.”

“मागं व्हा. मी बघते.”

“न्हाई. तू पाय धर माझं.”

पुन्हा वाकला. आणि हूक खांद्यामागं फुलीत अडकला.

“मामा, हळू,” मी हात वर करून ओरडले. “हळू, मामा.”

टेम्पो गुरगुरला आणि पुढं सरकला. दोरी ताणली. धोंडीराम पाण्यातून वर आले, मान छातीवर लोंबलेली, हात दोन्हीकडं सैल. भिंतीला खरचटत, भिंतीला आपटत वर यायला लागले. मी फक्त पट्ट्याकडं बघत होते. रबराचा पट्टा, कितीदा तरी तुटून भैरूनं तारेनं शिवलेला. अर्ध्यावर आले आणि शिवणीतली तार उसवायला लागली. मला ती एकेक टाका सुटताना दिसत होती. आता थांबवलं तर खाली पडतील, जोरात ओढलं तर तुटेल. मी तोंडातून आवाज काढायला भीत होते, जणू माझ्या आवाजानं ती तुटेल. नुसता हात हलवत राहिले, ये, ये, ये.

खांदे काठावर आले तसा भैरूनं त्यांच्या काखेत हात घातला आणि पट्टा तुटला. आम्ही दोघांनी धरलं होतं. ओढत ओढत त्यांना हौदापासून लांब, ओढ्याकडच्या वाऱ्यावर नेलं. ओठ निळे पडले होते. मी नाकाशी हात नेला, काही लागत नव्हतं. छातीला कान लावला तर मला माझंच काळीज ऐकू येत होतं. मामा हात पसरून काहीतरी पुटपुटत उभे होते.

मग त्यांचं पोट हललं. अगदी थोडं.

टेम्पोच्या पुढच्या भागात मामा आणि भैरू, भैरूच्या मांडीवर धोंडीराम. मला जागा नव्हती. मी मागं भरलेल्या मालावर, खरकट्यात बसले. रस्त्याकडेची माणसं नाकाला रुमाल लावून बघत होती. मला मात्र अजूनही वास येत नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. तरुण होते, बोलायला तुसडे होते.

“आत किती जण उतरले होते?”

“एकच,” मामा म्हणाले.

“एकच?” डॉक्टरांनी मान वर करून आमच्याकडं नीट पाहिलं. “माझ्याकडे असे येतात ते जोडीनं येतात. नाहीतर तिघं. आणि बहुतेक वेळा मला काहीच करायला उरत नाही.”

भैरूनं ते ऐकलं. ऐकून तो बाहेर गेला आणि पायरीवर बसला. माझ्याशी तो बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कितीतरी वर्षं नाही.

सासूबाई संध्याकाळी आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. भैरूनं त्यांना सांगितलं होतं, आणि जसं घडलं तसंच सांगितलं होतं, पदरचं काही घातलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

“नवरा आत असताना शिडी वर वढणारी बाई मी जल्मात बघितली न्हवती,” त्या म्हणाल्या. “जवा शुद्धीवर येईल तवा सांगते त्याला.”

तेव्हापासून मला दोन भीत्या. ते शुद्धीवर येतील की नाही, ही एक. आणि आले तर त्यांना काय आठवत असेल, ही दुसरी. रात्र रात्र त्यांच्या पायाशी बसून मी देवाकडं पहिली भीती घालवायला विनवत होते आणि दुसरीचं नाव काढत नव्हते, कारण देवाला एका वेळी फार सांगू नये असं मला वाटायचं.

ते शुद्धीवर आले. डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी मान खाली घातली.

चौकशी झाली. ठेकेदाराला दंड झाला, त्यानं हौद बुजवला आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या नावानं धंदा मांडला असं ऐकलं. धोंडीराम पुन्हा गाडीवर चढले नाहीत. हात थरथरायचे, चहाचा कप धरला की बशीत सांडायचा. नावं विसरायचे. आणि नाक कायमचं गेलं. ज्या माणसाला बंद पिशवीतली मासळी कळायची, त्याला चुलीवर दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता लागायचा नाही. मी एका शाळेत झाडलोटीचं काम धरलं.

शिडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आत्याबाईंनी त्यांना सांगितलं होतं, माझ्या देखत सांगितलं होतं. त्यांनी नुसतं “असू दे” म्हटलं. त्या “असू दे”चा अर्थ लावत मी वर्षं काढली. जेवताना त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली की मला वाटायचं, आता विचारणार. ज्या माणसाच्या शेजारी रोज निजते, त्यानं त्या क्षणी वर बघितलं होतं का, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच विचारायचं धाडस नव्हतं. शिडी काढल्याचा मला पस्तावा नव्हता. आजही नाही. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा काढेन. पण त्यांनी ते पाहिलं असेल तर, एकट्या त्या अंधारात, बायकोच्या हातून शिडी वर जाताना, ही कल्पना मला सहन होत नव्हती.

पुढं भैरूचं लग्न झालं. लग्नात मी सगळं केलं, हळद दळली, पोळ्या लाटल्या. त्यानं माझ्या पाया पडायचं टाळलं. मग त्याला मुलगी झाली. बारशाला त्याच्या खोलीत आळीतल्या बायका दाटीनं बसल्या होत्या, पुरुष बाहेर पडवीत. पाळणा फुलांनी सजवला होता. बाळाला पाळण्याखालून एकीनं द्यायचं आणि पलीकडच्या बाजूनं दुसरीनं घ्यायचं, तशी वेळ आली. पलीकडं आत्याबाई उभ्या होत्या. अलीकडं थोरली काकू म्हणून मी पुढं झाले.

“ती नगं,” आत्याबाई म्हणाल्या. “हातातलं सोडायची सवय हाय तिला.”

गाणं म्हणणाऱ्या बायका गप झाल्या. भैरूच्या बायकोनं बाळ छातीशी धरलं आणि कुणाकडं बघावं ते तिला कळेना. मी पदर सावरला आणि मागं सरकायला लागले.

दारात धोंडीराम उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

“आई,” ते म्हणाले, “शिडी वर गेली ती मी बघितली.”

इतकी वर्षं ज्या वाक्याला भ्याले, ते सगळ्या आळीसमोर बोललं गेलं होतं. मी भिंतीला टेकले.

ते सावकाश बोलत होते. त्या दिवसापासून ते सावकाशच बोलायचे, शब्द शोधत शोधत.

“जीभ उचलत न्हवती. पर डोळं उघडं हुतं. भैऱ्याचा पाय दिसला मला, शिडीवर. चप्पल वळकली मी त्याची. मला वरडायचं हुतं, येऊ नगंस म्हणून. आवाज फुटंना. म्हटलं, आलं ह्येबी. आता दोघंबी गेलो.”

भैरू त्यांच्या मागं पडवीत उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“मग शिडी वर गेली,” धोंडीराम म्हणाले. “हिचं हात दिसलं. म्हटलं, आईला एक लेक तरी राहिला. आन मग मी डोळं मिटलं.”

एवढं बोलून ते दारातच खाली बसले. दमले होते. आत्याबाई पाळण्याची कड धरून उभ्या होत्या. मी रडत होते आणि पुसत नव्हते, लोक बघत होते तरी.

भैरू आत आला. बायकोच्या हातातून त्यानं बाळ घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“वैनी,” तो म्हणाला, “घे हिला.”

मी हात पुढं केले. बाळ उबदार होतं आणि झोपलेलं होतं. मी खाली वाकले आणि पाळण्याखालून ते पलीकडं दिलं. आत्याबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं.